ढालाईताची चौकशी

प्रल्हादराव निमकरांचा आयुष्यात कुणावर पूर्ण विश्वास बसला असेल, तर तो त्यांच्या बायकोवर, आणि तोही लग्नाला सात-आठ वर्षं झाल्यावर. शोभनाताई हे हसत हसत सगळ्यांना सांगायच्या. त्यात प्रल्हादरावांचा दोष थोडा आणि नोकरीचा जास्त होता. पुण्यातल्या एका शब्दकोशाच्या कचेरीत त्यांनी छत्तीस वर्षं काढली, आणि ते कामच मुळी संशय घेण्याचं होतं. खेड्यापाड्यांतून शब्द यायचे, एका शब्दाला एक कार्ड. शब्द कोण बोललं, कुठे बोललं, कोणत्या वाक्यात बोललं, ते त्यावर लिहायचं. तीन साक्षी मिळाल्याशिवाय प्रल्हादराव शब्दाला कोशात पाऊल ठेवू द्यायचे नाहीत. एकाने सांगितलं तर ती अफवा आणि दोघांनी सांगितलं तर ते संगनमत, असं त्यांचं म्हणणं असे.

दुसरा नियम याहून कडक होता. बोलणाऱ्यालाच शब्दाचा अर्थ कधी विचारायचा नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी भोरकडच्या एका कुंभाराला त्यांनी चाकाच्या एका भागाच्या नावाचा अर्थ विचारला होता. पँट घातलेला साहेब आपल्यासमोर उकिडवा बसलेला पाहून कुंभाराला चेव आला, आणि त्याने पदरचा असा काही अर्थ सांगितला, की तो छापून आल्यावर कचेरीला महिनाभर हसू पुरलं. तेव्हापासून प्रल्हादराव नुसते ऐकत. माणूस आपल्या नादात बोलतो तेव्हा खरं बोलतो, विचारलं की सजवून सांगतो, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं.

शोभनाताई गेल्या, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये, मुलाने त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, फ्रीमाँटला आणलं. बॅगेत चार सदरे, दोन स्वेटर, कानटोपी आणि कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा होता. नरेंद्र आणि सून उल्का सकाळी साडेसातला आपापल्या गाडीने ऑफिसला जायचे. चौदा वर्षांचा नातू शार्दूल आठ वाजता शाळेत जायचा. मग टाउनहाऊसमध्ये प्रल्हादराव आणि फ्रीज, दोघंच घुमत बसायचे.

घरात एक नाव फार आदराने घेतलं जाई, ते संजीवचं. आदल्या वर्षी नरेंद्रची नोकरी गेली होती आणि तिच्याबरोबर व्हिसाही जायची वेळ आली होती. तेव्हा संजीवने त्याला आपल्या टीममध्ये घेतलं. आता नरेंद्रच्या ग्रीन कार्डाच्या कागदांवर संजीवचीच सही लागायची. "संजीवकाकांमुळे आपण इथे आहोत," हे वाक्य जेवणाच्या टेबलावर आठवड्यातून दोनदा तरी वाढलं जायचं. गणपतीला संजीव सहकुटुंब आला, तेव्हा त्याचा सोळा वर्षांचा मुलगा वेदांत प्रल्हादरावांच्या पाया पडला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "आजोबा, प्रवास कसा झाला?" आपला नातू तेव्हा जिन्यात हेडफोन लावून बसला होता. प्रल्हादरावांना वेदांत फार आवडला. संशय घ्यावा असं त्याच्यात काही दिसलं नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत क्वचितच घडायचं.

शार्दूलच्या शनिवारांचा प्रकार मात्र पहिल्या दिवसापासून संशयास्पद होता. मध्ययुगीन युरोपची हौस असलेल्या लोकांची एक संघटना होती. तळ्याकाठच्या बागेत ही मंडळी तंबू ठोकायची. सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरसमोर बसणारी पन्नाशीची माणसं शनिवारी गुडघ्यांना पत्रे आणि डोक्यावर लोखंडी टोप बांधून वेताच्या जाड काठ्यांनी एकमेकांना बडवायची, आणि बडवून झालं की वाकून नमस्कार करायची. शार्दूल तिथे दोन वर्षं 'पेज' होता. पाणी भरायचं, ताटं वाढायची, सामान वाहायचं, आणि जमेल तसा ढाल-काठीचा सराव करायचा. आता त्याला बढती मिळणार होती, 'स्क्वायर' म्हणून. त्यासाठी कुणा एका नाइटची, म्हणजे चिलखती सरदाराची, चाकरी पत्करावी लागते. शार्दूलचा नाइट होता हॅल ब्रॉडी, ट्रकचे ब्रेक दुरुस्त करणारा, पंचावन्न वर्षांचा, जाड मानेचा, हातांवर वेल्डिंगचे डाग असलेला एकटा माणूस. बोलायचा जेमतेम. कमी बोलणाऱ्या माणसांवर प्रल्हादरावांचा विशेष राग होता, कारण त्यांच्याकडून कार्डावर लिहिण्याजोगं काही मिळत नाही.

"तो तुझ्याकडून भांडी घासून घेतो का रे?" त्यांनी गाडीत विचारलं.

"हेल्मेट पॉलिश करतो, आजोबा. इट्स पार्ट ऑफ इट."

"आणि त्याला ताट वाढतोस?"

"फीस्टला. एव्हरीबडी डज."

घरी स्वतःची बशी न उचलणारा मुलगा परक्याचं ताट वाढतो, ही गोष्ट प्रल्हादरावांच्या घशाखाली उतरेना. त्यात उल्काने सांगितलं, की स्क्वायर होण्याच्या आदल्या रात्री मुलाने ढालीपाशी एकट्याने जागायचं असतं, आणि ते जागरण हॅलच्या गॅरेजमध्ये व्हायचं आहे. "जुनी प्रथा आहे म्हणे," ती म्हणाली. जुन्या प्रथांच्या नावाखाली काय काय चालतं हे प्रल्हादरावांना चांगलं ठाऊक होतं.

ते बसने लायब्ररीत गेले आणि तिथला सगळ्यात जाड कोश काढून बसले. आठवडाभर रोज गेले. खरं सांगायचं तर शोभनाताई गेल्यापासून इतका आनंद त्यांना झाला नव्हता. पेज म्हणजे हुजऱ्या. स्क्वायर म्हणजे सरदाराची ढाल वाहणारा. त्यांनी कार्डावर लिहिलं, 'ढालाईत'. बॅचलर म्हणजे स्वतःचं निशाण नसलेला, दुसऱ्याच्या निशाणाखाली लढणारा तरुण नाइट. बिनलग्नाचा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. आणि खुद्द नाइट? हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता नुसता मुलगा, पोऱ्या. मग चाकर, मग घोडेस्वार, आणि पुढे सरदार. पण नेव्ह या शब्दाचा मूळ अर्थही मुलगाच. तो पोऱ्याचा चाकर झाला आणि चाकराचा लबाड. व्हार्लेटही नाइट होऊ घातलेल्या पोरापासून निघाला आणि बदमाशापर्यंत येऊन ठेपला. एकाच घरातून निघालेली पोरं, त्यातलं एक सरदार झालं आणि दोन वाया गेली. कोण कुठे पोचणार याची खूण सुरुवातीला कुठेच नव्हती. प्रल्हादराव चष्मा पुसून पुन्हा पुन्हा ते पान वाचत राहिले.

ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी लायब्ररीतून चालत येताना त्यांना शाळेच्या कोपऱ्यावर निळा पिकअप ट्रक दिसला. ट्रकात हॅल होता. शार्दूल आला, मुकाट्याने आत बसला आणि ट्रक निघून गेला. मुलगा पाच वाजता घरी आला. "लायब्ररीत होतो," तो कुणी न विचारताच म्हणाला. लायब्ररीतून तर प्रल्हादराव स्वतः आले होते.

त्यांनी कार्ड काढलं आणि तारीख घातली. पुढचे आठ दिवस ते रोज तीनच्या सुमारास त्या रस्त्याने फिरायला गेले. ट्रक रोज होता. याच दिवसांत शार्दूलच्या बाह्या वर सरकल्या तेव्हा कोपराखाली निळे वळ दिसले. हे दुसरं कार्ड झालं.

मुलाला विचारावं, असं मनात आलं नाही असं नाही. एकदा ते त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेही. पण विचारलं की तो सजवून सांगणार, आणि सांगता सांगता सावध होणार. मग पुढचं काहीच कळणार नाही. ते दारातून परत फिरले. त्याऐवजी त्यांनी शेजारणीला विचारलं, बागेतल्या चार जणांना विचारलं, एक दिवस दोन बस बदलून हॅलच्या दुकानाच्या समोरच्या कॉफीच्या टपरीवर जाऊन तिथल्या पोरीला विचारलं. हॅल ब्रॉडी कॉफीत साखर घालत नाही, एवढंच कळलं.

दिवाळीच्या फराळाला वेदांत आला. त्याने चकली मोडली, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आजोबा, डोन्ट माइंड, पण तो ट्रकवाला माणूस मला क्रीपी वाटतो. शार्दूलला म्हणाला, घरी काही सांगायचं नाही. मी स्वतः ऐकलंय."

"कुठे ऐकलंस?"

"स्कूलच्या बाहेर. तुम्हाला माहिती असावं म्हणून सांगितलं."

तीन साक्षी झाल्या. एक स्वतःच्या डोळ्यांची, एक मुलाच्या हाताची, एक वेदांतची. एवढ्या वर्षांत एखादा अंदाज खरा ठरू नये असं प्रल्हादरावांना पहिल्यांदाच वाटत होतं.

त्यांनी कार्डं उल्कासमोर ठेवली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि खुर्चीत बसली. "बाबा, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" एवढंच ती म्हणाली. मग तिने संघटनेच्या ऑफिसला ईमेल केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. चौकशी होईपर्यंत हॅल ब्रॉडी यांनी संघटनेत यायचं नाही आणि या मुलाला कुठेही भेटायचं नाही. चौकशी तीन आठवड्यांनी ठरली. शार्दूलला कळलं तेव्हा तो ओरडला नाही, रडलाही नाही. "हू टोल्ड यू?" त्याने विचारलं. उल्काने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यानंतर शार्दूल आजोबांशी बोलायचा बंद झाला.

त्यांना वाईट वाटलं, पण पोरगं सुरक्षित आहे हे समाधान मोठं होतं. मोठी झाल्यावर मुलं आभार मानतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि ते रोजचं फिरणं बंद करून टाकलं.

दहा दिवसांनी शार्दूल अंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला. त्याच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, तळहाताएवढा काळानिळा डाग होता. ताजा.

प्रल्हादरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हॅलवाचून शार्दूलचा काठ्यांचा खेळ दहा दिवस बंद होता. हॅल कोपऱ्यावर येत नव्हता. आणि आधीचे वळ कोपराखाली होते, ढाल धरणाऱ्याला लागावेत तसे. हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. कचेरीत एखाद्या उमेदवाराने असा निष्काळजीपणा केला असता तर त्यांनी त्याला भर सभेत झापलं असतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ते पावणेतीनलाच शाळेशी जाऊन उभे राहिले, सायकली लावायच्या जागेच्या पलीकडे. शार्दूल बाहेर आला. त्याच्या मागून तीन मोठी मुलं आली. एकाने त्याची पिशवी ओढली, दुसऱ्याने त्याला कुंपणाच्या जाळीवर ढकललं, आणि तिसऱ्याने पाठीत कोपर मारला, सहज, रोजचं काम उरकावं तसा. शार्दूलने हात वर उचलला नाही. दोन वर्षं काठी चालवणारा मुलगा, पण हात खाली ठेवून उभा राहिला. "व्हेअर इज युअर नाइट नाऊ?" तिसरा म्हणाला. आवाज ओळखीचा होता.

प्रल्हादराव पुढे आले. तिसऱ्या मुलाने त्यांना पाहिलं, क्षणभर गडबडला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर गणपतीच्या दिवसाचं ते हसू आलं.

"नमस्कार, आजोबा," वेदांत म्हणाला.

छत्तीस वर्षांत प्रल्हादरावांनी माणसांना उद्देशून शिवी दिली नव्हती, शिव्यांची फक्त कार्डं केली होती. त्या दिवशी त्यांनी वऱ्हाडातून आलेली एक शिवी जोरात दिली. वेदांतला ती कळली की नाही कोण जाणे, पण तिघंही निघून गेले.

घरी जाताना शार्दूलने सगळं सांगितलं, तुटक तुटक, अर्धं इंग्रजीत. हे शाळा सुरू झाल्यापासून चाललं होतं. एकदा सरावाला शर्ट काढताना हॅलने पाठ पाहिली आणि विचारलं. शार्दूलने आधी त्याच्याकडून शब्द घेतला, की घरी काही सांगायचं नाही, आणि मग सांगितलं. हॅल दोन दिवस विचार करत होता. मग तो रोज दुकान तासभर बंद करून कोपऱ्यावर ट्रक आणून उभा करू लागला. कुणाला काही बोलला नाही, नुसता उभा राहायचा, शार्दूलला दुकानात नेऊन बसवायचा आणि पाचच्या सुमारास घराजवळ सोडायचा.

"आणि तू हात का नाही उचललास?"

"प्रॉमिस आहे. मैदानाच्या बाहेर फाइट नाही करायची." मग तो थांबला. "आजोबा, प्लीज, बाबाला नका सांगू. संजीवकाका आहेत ना. ग्रीन कार्ड आहे. आपण इथे त्यांच्यामुळे आहोत."

"नाही सांगणार," प्रल्हादराव म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना उद्याची आठवण झाली.

चौकशी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत होती. टेबलामागे संघटनेचे तिघं, मधली बाई वकील. समोर एका बाजूला हॅल, इस्त्री केलेल्या शर्टात अवघडलेला. दुसऱ्या बाजूला नरेंद्र, उल्का, मधे शार्दूल आणि कडेला प्रल्हादराव. बाईंनी हॅलला विचारलं, की पालकांना न कळवता तुम्ही या मुलाला रोज शाळेतून का न्यायचात?

"मी कुणाला तरी शब्द दिला आहे," हॅल म्हणाला. "त्याबद्दल बोलणार नाही."

"याचा अर्थ काय घेतला जाईल, ते तुम्हाला समजतंय?"

"हो."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्या तक्रारदाराकडे वळल्या. प्रल्हादराव उभे राहिले. रात्रभर त्यांनी जुळवलेलं इंग्रजी वाक्य त्यांनी म्हटलं, की माझी तक्रार पूर्णपणे चुकीची होती आणि ती मी मागे घेतो. नरेंद्रने चमकून वर पाहिलं.

"कशावरून चुकीची?"

"ते मला सांगता येणार नाही."

"का?"

"मीही शब्द दिला आहे."

दोन म्हातारे समोरासमोर तोंड मिटून राहिले होते. हॅलने पहिल्यांदाच प्रल्हादरावांकडे नीट पाहिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, की असं असेल तर नियमाप्रमाणे मिस्टर ब्रॉडींना कायमचं काढणं एवढंच आमच्या हातात उरतं.

तेव्हा शार्दूल उठला. त्याने हॅलकडे पाहिलं, आणि हॅलने नको म्हणून मान हलवली. तरी तो बोलला. वेदांतचं नाव घेतलं, दुसऱ्या दोघांची घेतली. संजीवकाकांचं नाव आलं तेव्हा नरेंद्रने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. उल्का मुलाच्या पाठीकडे बघत होती, शर्टाच्या आत काय आहे ते आता दिसत असल्यासारखी.

"मिस्टर ब्रॉडी येत होते तेव्हा त्या मुलांनी तुला किती वेळा मारलं?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"एकदाही नाही."

"आणि तक्रार झाल्यानंतर?"

शार्दूलने थोडा विचार केला. "चार वेळा," तो म्हणाला.

प्रल्हादराव खाली बसले. तिघा मेंबरांनी मग काय ठरवलं, हॅलवरचा ठपका कसा पुसला गेला, हे त्यांच्या कानांवर आलं पण आत शिरलं नाही. ते चार तडाखे त्यांनी स्वतः दिले होते. तीन साक्षी घेऊन, नियम पाळून, प्रेमापोटी दिले होते.

बाहेर गाड्यांपाशी त्यांनी हॅलला गाठलं आणि माफी मागितली. हॅलने हात पुढे केला. "तुमच्या जागी मी असतो तर मलाही संशय आला असता," तो म्हणाला. "तुम्ही माझ्या दुकानासमोर जाऊन माझ्याबद्दल विचारलंत, ते कळलं मला. पण त्याला का नाही विचारलंत?"

प्रल्हादरावांकडे याचं छत्तीस वर्षांचं उत्तर तयार होतं. ते त्यांनी दिलं नाही.

परतताना नरेंद्र गाडी चालवत होता. एका सिग्नलला तो म्हणाला, की आजच संजीवला फोन करतो, जे व्हायचं ते होऊ दे. उल्काने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. प्रल्हादराव मागच्या सीटवर नातवाशेजारी बसले होते. त्यांनी हळूच विचारलं.

"शार्दूल, फार दुखतं का रे पाठीत?"

मुलाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तो त्यांचा चेहरा नीट न्याहाळत होता, आधी एक डोळा, मग दुसरा.

"का?" त्याने विचारलं. "कुणाला सांगणार आहात?"

"कुणालाही नाही."

शार्दूलने आणखी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग तो खिडकीबाहेर बघू लागला.